सतरा नंबरचा कॅम

सुरतेतल्या उधन्याच्या त्या कारखान्यात योगिता पाटील नोकरीला लागली ती सूड घ्यायला. पगारासाठी लागले, असं तिनं घरी सांगितलं, शेठलाही सांगितलं. पहिल्या दिवशी हजेरीच्या वहीत सही करताना स्वतःलासुद्धा एकदा सांगून पाहिलं, पण ते काही तिला पटलं नाही.

जयसुखशेठनं तिला ओळखलं नाही, यात नवल नव्हतं. उधना-बमरोलीच्या पट्ट्यात पाटील हे आडनाव सांगणं म्हणजे न सांगितल्यासारखंच. अर्धं धुळे आणि अर्धं जळगाव तिथं येऊन राहिलेलं, हाक मारली तर दहाजण वळून बघतील. शिवाय शेठला तिच्या बापाचं आडनाव कधी माहीतच नव्हतं. पंधरा वर्षं त्यानं त्या माणसाला नुसतं 'चिंधा' म्हणून हाक मारली, आणि सहा वर्षांपूर्वी 'चिंधा' म्हणूनच गेटाबाहेर काढलं.

चिंधा पाटील कानस चालवायचा. या कारखान्यात लूमचे, म्हणजे कापड विणायच्या यंत्रांचे, सुटे भाग बनत. त्यातला मुख्य भाग कॅम. बीडाचा, हातात मावेल एवढा, दिसायला गोल पण नीट गोल नसलेला. एका बाजूला त्याला नाकासारखं टोक. लूम चालू झाला की कॅम फिरतो. त्याच्या कडेला एक रोलर टेकलेला असतो, तो कडेकडेनं चढत नाकापाशी आला की दांडीला झटका बसतो आणि धोटा सुताच्या मधून या टोकाचा त्या टोकाला जातो. मिनिटाला शंभरावर वेळा. रोलर कॅमला सतत टेकून राहिला पाहिजे, सगळी गोम एवढीच. मधेच क्षणभर सुटला तर झटका चुकीच्या वेळी बसतो आणि टोकदार धोटा लूमबाहेर येतो. समोर कारीगर उभा असतो.

भट्टीतून आलेला खडबडीत कॅम व्हाइसच्या पकडीत धरून चिंधा कानशीनं घासायचा. मग रोलरला निळा रंग लावून कॅम हातानं एक फेरा फिरवायचा. कॅमच्या कडेवर निळी पट्टी सलग उमटली तर काम झालं. मधे कुठं कोरं राहिलं तर तिथं रोलर सुटला. चिंधाची नखं बारा महिने निळी असत, रविवारी रगडून अंघोळ केली तरी.

योगिता लहानपणी त्याचा डबा घेऊन जायची. जेवणाच्या सुट्टीआधीचा शेवटचा कॅम तो तिच्यासमोर पुरा करी. सगळं घासून झालं, पटरी लावून, कागदाशी ताडून झालं की नाकाच्या जरा अलीकडे एका जागी तो आणखी चार हात कानस मारायचा. मोजून चार. "हाई चार कागदवर नहीत," तो तिला डोळा मिचकावून म्हणायचा, "हाई चार मन्हा." कागदावर नसलेले ते चार हात त्याचे स्वतःचे, हा तिला खेळ वाटायचा. तीही त्याच्याबरोबर मोठ्यानं चारपर्यंत मोजायची.

त्र्याण्णव साली कारखान्यातून चाळीस कॅम एका लूमवाल्याकडे गेले. पंधरा दिवसांत एका लूमचा धोटा उडाला आणि सुकदेवच्या उजव्या डोळ्यात शिरला. सुकदेव यांच्याच गल्लीतला, पारोळ्याकडचा. संध्याकाळी चिंधाच्या ओट्यावर पत्ते खेळायला येणारा. दुसऱ्याच दिवशी जयसुखशेठनं सगळ्या कामगारांना गेटापाशी बोलावलं आणि चिंधाला मधे उभं करून सांगितलं, "ड्रॉइंग बराबर छे. ये आदमी दारू पीके घिसता है."

आता चिंधाला विड्यासुद्धा ओढायची सवय नव्हती. पण गल्लीला एवढं कारण पुरलं. सुकदेवची बायको कलाबाई नळावर योगिताला पाहिलं की हंडा बाजूला घ्यायची आणि बाकीच्या बायांना ऐकू जाईल असं म्हणायची, "नळ सोडा वं, दारुड्यानी पोर उनी." तेरा वर्षांची पोर रिकामी घागर घेऊन उभी राहायची. पत्ते बंद झाले. चिंधाला पांडेसऱ्यापासून उधन्यापर्यंत कोणी कानस हातात दिली नाही. तो इच्छापोरला एका ठेकेदाराकडे पत्रे उचलायला जाऊ लागला. नखांचा निळा रंग हळूहळू गेला. त्याची बायको उषाबाई तेवढी रोज दिवा लावताना देवाकडे एकच मागणं मागायची, "त्या शेठनं वाटोयं व्हई जावो." देव ऐकतो की नाही कोण जाणे, पण योगिता ऐकत होती.

चिंधा मात्र त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलला नाही. योगितानं त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावला: माणूस अपमानानं मुका झाला. मग बोलण्याचं काम तिनं स्वतःकडे घेतलं.

ती आयटीआयला गेली, ड्रॉइंग शिकली. मग एका क्लासमध्ये संगणकावर ड्रॉइंग काढायला शिकली. शिकवणाऱ्याला वाटायचं, काय हुशार मुलगी! ती हुशार होतीच, पण तिला त्याहून जास्त घाई होती. अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवच्या सुमाराला सुरतेत असलं काम येणारी माणसं कमी. जयसुखशेठनं नव्या फॅशनप्रमाणं संगणक आणून ठेवला तेव्हा तो चालवायला माणूस शोधणं आलंच. योगिता जणू त्या दाराशी बसूनच होती.

काम होतं, जुनी सगळी कागदी ड्रॉइंगं संगणकात चढवायची. शेठला त्या ड्रॉइंगांचा भारी अभिमान. एका परदेशी लूमचे भाग उघडून, मापं घेऊन त्यानं ती स्वतः काढली होती. प्रत्येकाच्या कोपऱ्यात त्याची वळणदार सही. तो केबिनमधून येऊन तिच्या खुर्चीमागे उभा राहायचा, अत्तराचा वास सोडायचा आणि म्हणायचा, "संभालके बेन, ये मेरी जिंदगी है." योगिता मान हलवायची. मनात म्हणायची, तीच तर हवी आहे.

सोळा ड्रॉइंगं झाली. सतरावं उघडलं, तर तो कॅम. तोच, धोटा फेकणारा, त्र्याण्णवच्या अपघातानंतर कोणी न मागितलेला. कोपऱ्यात सही आणि सहीखाली तारीख, एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.

तिनं कॅम संगणकात उभा केला, रोलर उभा केला. आता दोघांना एकत्र बांधायचं. सपाट वस्तू सपाट वस्तूला चिकटवणं सोपं, एकदा चिकटली की बसली. वाकड्या कडांचं तसं नसतं. संगणकाला सांगावं लागतं, की ही गोलाई त्या गोलाईला नुसती स्पर्श करून राहू दे, आत शिरू देऊ नको, सुटूही देऊ नको. तिनं रोलर घेतला, कॅमच्या कडेचा एक भाग घेतला, दोघांना बांधलं आणि कॅम फिरवला. रोलर थोडं अंतर नीट चालला आणि मग सरळ लोखंडात शिरून पलीकडनं बाहेर आला.

ती हसली. ही चूक क्लासमध्ये सगळेच करत. कॅमची कड एक नसते, चार-पाच वेगवेगळ्या कमानी जोडून ती झालेली असते. संगणकाला एकच कमान दाखवली की तो बिचारा तेवढीच खरी धरतो, ती मनातल्या मनात पूर्ण वर्तुळ करतो आणि रोलरला त्या वर्तुळावर फिरवत बसतो. सगळ्या कमानी ओळीनं निवडून द्याव्या लागतात, की ही सबंध माळ म्हणजे कड. तिनं तशी माळ निवडली आणि बटण दाबलं.

संगणकानं नकार दिला. पडद्यावर इंग्रजीत ओळ आली, की या कडा एकमेकींना सुरळीत मिळत नाहीत. आणि नाकाच्या जरा अलीकडे, दोन कमानींच्या जोडावर, एक लाल ठिपका लागला.

योगितानं मापं पुन्हा तपासली. एकदा, दोनदा, पाच वेळा. कागदावर होतं तेच तिनं भरलं होतं. चूक कागदात होती. शेठनं एका कमानीची त्रिज्या चुकीची लिहिली होती, त्यामुळं जोडावर केसभर खांदा राहत होता. रोलर तिथं आदळून उडणार, क्षणभर सुटणार. ड्रॉइंग बराबर छे! असा आनंद तिला आयुष्यात कधी झाला नव्हता, आणि त्या आनंदाला जरासुद्धा गोडवा नव्हता.

दुसरी कोणी असती तर तडक केबिनमध्ये गेली असती. योगिता गेली नाही. सहा वर्षं तिनं हे केबिनमध्ये बोलण्यासाठी जपून ठेवलं नव्हतं. बापाला जसं सगळ्यांच्या मधे उभं केलं, तसंच याला उभं करायचं होतं. तिनं सतरा नंबरची फाइल बंद केली आणि अठरावं ड्रॉइंग उघडलं. शेठ मागून आला तेव्हा तिनं त्याला हसून विचारलं, "शेठ, लूमवाल्यांना संगणक दाखवणार नाही का?"

शेठ विरघळलाच. दिवाळीनंतर लाभपाचमेला कारखाना पुन्हा उघडतो, त्या मुहूर्ताला दाखवू, म्हणाला. कोणतं ड्रॉइंग दाखवायचं, तेही त्यानंच सांगितलं. "सतरा नंबर. अपना सबसे पुराना आयटम, फिर से चालू करना है." योगिताला विचारायचीसुद्धा गरज पडली नाही.

नव्याण्णवची लाभपाचम. संगणकाला झेंडूचा हार, पडद्याच्या कपाळावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक. बारा-तेरा लूमवाले शेठ खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसलेले, दारात कामगार उभे. पुढच्या रांगेत तो लूमवालाही होता, ज्याच्या शेडमध्ये सुकदेवचा डोळा गेला. त्यानं सुकदेवला पुढं शेडवर वॉचमन म्हणून ठेवून घेतलं होतं, एवढी माणुसकी त्याच्यात होती.

जयसुखशेठनं भाषण ठोकलं. मग योगितानं आधी मुद्दाम ती क्लासमधली चूक करून दाखवली. रोलर लोखंडात शिरून पलीकडे निघाला आणि लूमवाले खो खो हसले. "जयसुखभाई, तुम्हारा लोहा तो मक्खन है!" शेठही हसला, पण त्याचे कान तापले. "बेन, बराबर करो," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"आता बराबर करते," ती म्हणाली. सगळ्या कमानींची माळ निवडली, बटण दाबलं. लाल ठिपका लागला.

ती खुर्चीवरून उठली, पडद्याशेजारी उभी राहिली आणि हिंदीत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून तिनं सांगितलं. हा कॅम या कागदाप्रमाणं बनवला तर इथं रोलर उडतो. रोलर उडाला तर धोटा उडतो. सहा वर्षांपूर्वी असाच एक धोटा सुकदेव नावाच्या कारीगराच्या डोळ्यात गेला. तेव्हा शेठ म्हणाले, ड्रॉइंग बरोबर आहे, घासणारा दारू पितो. हे ते ड्रॉइंग, ही शेठची सही. घासणाऱ्याचं नाव चिंधा पाटील. "मैं उनकी बेटी हूँ."

मग पुढच्या रांगेतला लूमवाला उठला. "छह साल तूने मेरे को बोला, कारीगर दारूडा था," तो जयसुखशेठला म्हणाला, "मैंने भी सबको वही बोला." त्यानं हातातला चहाचा कप न पिता टेबलावर ठेवला आणि तो बाहेर पडला. त्याच्या मागोमाग आणखी दोघं उठले. दारातल्या कामगारांत कुजबुज सुरू झाली. जयसुखशेठचं तोंड पांढरं पडलं होतं आणि योगिता त्या तोंडाकडं मन भरेपर्यंत बघत होती. बघ, ती मनात म्हणाली, गेटापाशी उभं राहिल्यावर कसं वाटतं ते बघ.

शेठ पडद्याजवळ आला. लाल ठिपक्याकडे बघत राहिला. मग कागदाच्या कोपऱ्यातली स्वतःची सही, खालची तारीख. त्यानं मान वर केली. त्याच्या आवाजात राग नव्हता, खरोखरीचं कुतूहल होतं. "बेन, एक बात बताओ. ये कागज अठहत्तर का है. पंद्रह साल इसी कागज पे कॅम बना. हजारों. एक धोटा नहीं उडा. कैसे?"

मागून एक म्हातारा लूमवाला हसला. "कोई कारीगर होगा, तेरी भूल चुपचाप घिस डालता होगा."

"चिंधो," शेठ हळूच म्हणाला. मग योगिताकडे वळला. "तो उस बार क्यों नहीं घिसा?"

योगिता पर्स उचलून बाहेर पडली. तारीख तिनं पाहिली होती. महिनाभर रोज पाहत होती. पण डोक्यात सूड घेऊन बसलेल्या माणसाला तारीख दिसते, वाचता येत नाही.

उधन्यापासून बमरोलीपर्यंत ती चालत गेली. नाकाच्या जरा अलीकडे. चार हात. हाई चार मन्हा. रस्ताभर तिच्या डोक्यात कानस चालत होती आणि एक लहान मुलगी मोठ्यानं मोजत होती.

चिंधा सुट्टीमुळं घरीच होता. ओट्यावर बसून डाळ निवडत असलेल्या उषाबाईशेजारी तो सूप धरून बसला होता. लेकीचा चेहरा पाहून म्हणाला, "काय व्हयनं वं पोरी?"

तिनं सगळं सांगितलं. उषाबाईनं हातातली डाळ टाकून देवाला हात जोडले आणि ती रडायला लागली. चिंधा हसला नाही, रडलाही नाही. तो आपल्या नखांकडं बघत राहिला.

"आबा," योगिता म्हणाली, "त्या चाळीस कॅमांना ते चार हात तुम्ही का मारले नाहीत?"

उषाबाईचं रडणं थांबलं. ती एकदा लेकीकडे, एकदा नवऱ्याकडे बघू लागली. मग सहा वर्षांत पहिल्यांदा तो त्या दिवसांबद्दल बोलला.

"माले ठाऊक व्हतं," तो म्हणाला. "पहिल्या दिनपाईन ठाऊक व्हतं, कागद चुकेल शे. एक दिन शेठले सांगं. गिऱ्हाईक बठेल व्हतं. त्यानी चार लोकेसमोर मन्ही कानस भंगारमा फेकी दिन्ही. म्हने, डोकं मन्हं चाली, तू फक्त हात चालाव. मी मनमा म्हनं, ठीक शे. तुले कागदच पाहिजे ना? ले कागद." त्याचा आवाज खाली गेला. "माले वाटनं, लूम अडकतीन, माल परत यी, शेठनी फजिती व्हई. धोटा कोणा डोयामा जाई, हाई ध्यानमा बी नही उनं. चार हात मारना व्हतात, पोरी. फक्त चार."

योगिता त्याच्याकडे बघत होती. तिला त्याचा राग यायला हवा होता आणि आला. पण त्या रागात तिला आपलंच तोंड दिसलं, लूमवाल्यांच्या समोर पडद्याशेजारी उभं राहिलेलं. सूड घ्यायची अक्कल तिनं कुठून आणली, हे तिला आज कळलं.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गलका झाला. सुकदेव येत होता. शेडच्या मालकानं जाऊन त्याला सगळं सांगितलं होतं. सोबत कलाबाई, डोक्यावरचा पदर पुढं ओढून, जमिनीकडे बघत. मागे आठ-दहा शेजारी. सुकदेवच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. उजव्या बाजूची पायरी त्याला दिसत नाही म्हणून तो ओट्यापाशी चाचपडला, तेव्हा कलाबाईनं त्याला कोपराला धरून वर चढवलं.

"चिंधाभाऊ," तो म्हणाला, आणि त्याच्या एका डोळ्यातून पाणी आलं. "सहा वरीस मी तुन्हासंगे बोलनू नही. तुले दारुड्या म्हनं. मन्ही चूक व्हयनी, भाऊ. माफ कर. तोंड गोड कर."

त्यानं पेढा पुढं केला. शेजारी बघत होते. कलाबाई वाकून योगिताच्या पायाला हात लावू लागली, तेव्हा योगिता दचकून मागे सरली. चिंधाचा हात पुढं आला. पेढा त्याच्या बोटांत आला. तो तोंडाकडे गेला नाही, तिथंच थांबला, आणि चिंधानं लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत एवढंच मागणं होतं, की गप्प राहा. सहा वर्षं ती ज्याच्यासाठी जगली ते नाव आत्ता या क्षणी धुऊन स्वच्छ झालेलं होतं, आणि ते तसं ठेवायला तिला काहीच करावं लागणार नव्हतं.

उषाबाईनं तिचं मनगट घट्ट धरलं. योगितानं ते सोडवून घेतलं.

"आबा," ती म्हणाली, "सुकदेवकाकांना सांगा. नाहीतर मी सांगते."

चिंधानं पेढा पुड्यात परत ठेवला, सुकदेवला हाताला धरून ओट्यावर आपल्याशेजारी बसवलं, आणि बोलायला सुरुवात केली.